भुलीतला घोडा आणि अंगाखाली दबलेले स्नायू

भूल दिलेला घोडा आडवा होतो तेव्हा त्याचे साडेचारशे-पाचशे किलो वजन अंगाच्या एका बाजूवर येते आणि शस्त्रक्रिया संपेपर्यंत तिथेच राहते. जागा घोडा एका कुशीवर फार वेळ पडून राहत नाही. गाढ झोपेसाठी तो थोडा वेळ आडवा होतो, अंग अवघडले की कूस बदलतो किंवा उठून उभा राहतो. भुलीत ही सोय नसते. खांदा, पुठ्ठा, जबडा जसा टेकला तसाच दबून राहतो. दबलेल्या स्नायूंना रक्त कमी पडते, ते सुजतात, काही तंतू मरतात; आणि घोडा उठायची धडपड करतो तेव्हा ज्या पायावर भिस्त ठेवायची तोच पाय दगा देतो. जखम उत्तम शिवलेली असते, पण घोड्याला उभे राहता येत नाही. पशुवैद्यकात याला भुलीनंतरचा स्नायुविकार म्हणतात. बहुतेक वेळा तो टाळता येतो आणि टाळण्याचे निम्मे काम घोडा पडल्यावर पहिल्या दहा मिनिटांतच करायचे असते.

घोड्याची भूल मुळातच जोखमीची आहे. यावरची एक मोठी पाहणी २००२ साली प्रसिद्ध झाली. तिच्यात ४१,८२४ घोड्यांच्या भुलीची नोंद होती. शस्त्रक्रियेनंतर सात दिवसांच्या आत १.९ टक्के घोडे दगावले होते. पोटशुळासाठी पोट उघडलेले घोडे वगळले तरी हे प्रमाण ०.९ टक्के भरले, म्हणजे साधारण एकशे दहा घोड्यांमागे एक. निरोगी माणसाच्या भुलीत असा मृत्यू लाखांच्या हिशेबात मोजावा लागतो. दगावलेल्या घोड्यांपैकी सुमारे एक चतुर्थांश शुद्धीवर येताना हाड मोडल्यामुळे गेले आणि ७.१ टक्के थेट स्नायुविकारामुळे. हे दोन आकडे वेगवेगळे छापले जातात, पण त्यांचे नाते जवळचे आहे. स्नायू दुखावलेला घोडा उठताना तोल सावरू शकत नाही, पुन्हा पुन्हा कोसळतो आणि अशा कोसळण्यातच हाड मोडते.

हा विकार शस्त्रक्रियेच्या प्रगतीबरोबरच पुढे आला. पूर्वी घोड्याला दोरांनी पाडून, पाय बांधून, असेल त्या औषधाच्या गुंगीत शक्य तितक्या लवकर काम उरकत असत. वेदना भयंकर होत्या, पण वेळ थोडा लागे. हॅलोथेन हा भुलीचा वायू १९५६ साली माणसांसाठी वापरात आला आणि लवकरच घोड्यांसाठीही. मोठ्या जनावरांसाठी भुलीची यंत्रे तयार झाली, तेव्हा घोड्याला दोन-तीन तास शांत ठेवून सांधा उघडणे, मोडलेले हाड स्क्रूने जोडणे, आतड्याचा पीळ सोडवणे शक्य झाले. त्याच काळात शुद्धीवर आलेले काही घोडे लंगडत, घामाघूम होत, खांदा दगडासारखा टणक घेऊन उभे राहू लागले. सुरुवातीला हा स्नायूंचा दाह समजला गेला. खरे कारण रक्तपुरवठ्यात आहे, हे उमगायला काही वर्षे गेली.

ते कारण असे. घोड्याचे मोठे स्नायू चिवट, न ताणणाऱ्या आवरणात गुंडाळलेले असतात. अंगाचे वजन पडले की त्या आवरणाच्या आतला दाब वाढतो. तो पाऱ्याच्या सुमारे ३० मिलिमीटरांवर गेला की बारीक केशवाहिन्या मिटू लागतात. कठीण पृष्ठभागावर पडलेल्या घोड्याच्या खालच्या खांद्यामागे, ट्रायसेप्स स्नायूत, दाब याच्या बराच वर जाऊ शकतो. दबलेल्या जागेत रक्त ढकलायचे तर रोहिणीतला दाब तितकाच दमदार हवा, आणि भूल नेमका तोच खाली आणते: हृदयाचे ठोके क्षीण होतात, रक्तवाहिन्या सैलावतात. एकीकडून वजनाची दाबणी आणि दुसरीकडून ओसरलेला रक्तदाब, या दोहोंमध्ये स्नायू उपाशी राहतो. घोडा उठला की रक्त पुन्हा जोराने आत येते. त्या पुनरागमनातही अपाय असतो. अर्धमेल्या तंतूंच्या भिंतींतून पाणी झिरपते, स्नायू फुगतो, पण आवरण ताणत नसल्यामुळे आतला दाब आणखी चढतो. म्हणून काही घोडे उठताना ठीक वाटतात आणि तासाभराने बिघडतात.

१९८७ साली कॅलिफोर्नियातील ग्रँडी, स्टेफी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हॅलोथेनखाली घोड्यांचा रक्तदाब मुद्दाम काही तास कमी ठेवून पाहिला. दाब खाली राहिलेल्या भुलीनंतर स्नायुविकार ठळकपणे दिसला. तेव्हापासून सरासरी रोहिणी-दाब ७० मिलिमीटरांच्या खाली जाऊ द्यायचा नाही, हा घोड्यांच्या भुलीचा पायाभूत नियम झाला. वजनदार, पिळदार घोड्यात तो त्याहून थोडा वरच ठेवलेला बरा.

दाब राखायचा तर तो आधी मोजला पाहिजे. मोठ्या रुग्णालयात पडद्यावर लाट दिसते. तसा पडदा नसलेल्या ठिकाणी माणसाचा रक्तदाब मोजण्याचे घड्याळासारखे गोल यंत्र कामी येते. जबड्याच्या कडेने जाणाऱ्या चेहऱ्याच्या रोहिणीत बारीक सुई-नळी बसवायची, तिला सलाइन भरलेली लांब नळी जोडायची, नळीचे दुसरे टोक थोडी हवा मध्ये ठेवून त्या घड्याळाला लावायचे. नळीतले पाणी आणि हवा जिथे भेटतात ती रेषा घोड्याच्या हृदयाच्या पातळीवर धरायची. काटा प्रत्येक ठोक्याला थरथरतो आणि ज्या आकड्याभोवती थरथरतो तो साधारण सरासरी दाब असतो. पातळी चुकवली तर आकडाही फसवतो. नळी हृदयाच्या खाली लोंबली की दाब उगाच जास्त दिसतो. या जुळणीला लागणारे सगळे सामान तालुक्याच्या औषधाच्या दुकानात मिळते, म्हणून ती माहीत असणे महत्त्वाचे आहे. केवळ बोटाने नाडी पाहून दाबाचा अंदाज बांधणे अनुभवी हातालाही फसवते.

दाब घसरला तर पहिला उपाय भूल हलकी करण्याचा. घोडा हलेल या भीतीने वायू गरजेपेक्षा जास्त सोडला जातो आणि त्याची किंमत स्नायू मोजतात. आयसोफ्लुरेन आणि सेव्होफ्लुरेन हॅलोथेनपेक्षा हृदयाला कमी दाबतात, स्नायूंतला रक्तप्रवाह त्यांच्याखाली बरा राहतो. तरी मात्रा वाढली की दाब तेही पाडतात. त्यामुळे आता वायूच्या जोडीला केटामाइन, लिग्नोकेन किंवा झायलाझिनच्या जातीच्या औषधाची बारीक धार शिरेतून चालू ठेवतात. वेदना शमते आणि वायू कमी लागतो. दुसरा उपाय द्रवाचा. ताशी किलोमागे ५ ते १० मिलिलिटर असा हिशेब धरला तर ४५० किलोच्या घोड्याला वरच्या मर्यादेने तासाला साडेचार लिटर, म्हणजे अर्ध्या लिटरच्या नऊ बाटल्या. एवढ्या बाटल्या आधीच उतरवून हाताशी ठेवलेल्या नसतील तर ऐन वेळी धावपळ ठरलेली. तिसरा उपाय डोब्युटामिन. हे औषध हृदयाचा जोर वाढवते. २५० मिलिग्रॅमची कुपी अर्ध्या लिटर सलाइनमध्ये मिसळली आणि मिनिटाला किलोमागे १ मायक्रोग्रॅम द्यायचे ठरवले, तर ४५० किलोच्या घोड्याला मिनिटाला ०.९ मिलिलिटर लागते. वीस थेंबांना एक मिलिलिटर सोडणाऱ्या नळीने अठरा थेंब. सुरुवात याच्याही निम्म्याने करावी. नाडी एकदम वेगावली किंवा अडखळू लागली की थेंब कमी करायचे.

रक्तदाबाइतकेच महत्त्व अंथरुणाला आणि पायांच्या ठेवणीला आहे. त्याला पैसा फारसा लागत नाही, लक्ष मात्र लागते. घोड्याखाली जाड फोमची, हवेची किंवा पाण्याची गादी हवी. गादीचा खरा निकष जाडीचा नसून ती तळाला टेकते की नाही हा आहे. घोडा ठेवल्यावर खांद्याखाली पालथा हात सरकवून पाहावा. बोटांना खालचे लाकूड किंवा फरशी लागली तर त्या जागी गादी नाही असेच समजावे. दोन पातळ गाद्या एकमेकींवर टाकून हे भागते असे वाटते, पण हलका फोम पाचशे किलोंखाली कागदासारखा चपटतो.

कुशीवर पडलेल्या घोड्यात सर्वांत जास्त सोसतो तो खालचा पुढचा पाय. तो आपसूक पडेल तसा राहू दिला तर छातीचा पिंजरा आणि वरचा पाय यांचे वजन थेट ट्रायसेप्सवर आणि तिथून जाणाऱ्या मज्जातंतूवर येते. उपाय सोपा आहे: खालचा पाय खुरापाशी धरून डोक्याच्या दिशेने जितका सहज येईल तितका पुढे ओढायचा. खांदा छातीखालून निसटतो आणि स्नायूतला दाब लक्षणीय उतरतो. दोन माणसे धरली की अर्ध्या मिनिटाचे काम. घोडा नीट बसल्यावर ते करायचे राहिले तर नंतर निर्जंतुक चादरी अंथरलेल्या असतात आणि कोणी हात लावत नाही. मग वरचे दोन्ही पाय. ते खाली लोंबू दिले तर मांडीच्या आतल्या बाजूच्या नीला दबतात, रक्त परत फिरत नाही आणि स्नायू वरून काही वजन नसतानाही सुजतो. वरचे पाय जमिनीला समांतर राहतील असा उशांचा किंवा लाकडी घोडीवर गादी बांधून केलेला आधार द्यावा. डोक्याखाली मऊ उशी हवी, आणि म्होरकी काढलेली हवी. तिची कडी गालाच्या हाडावर तासभर रुतली की चेहऱ्याची नस दुखावते आणि ओठ एका बाजूला लोंबतो. पाठीवर ठेवलेल्या घोड्यात वजन पुठ्ठ्यांच्या आणि पाठीच्या लांब स्नायूंवर येते. तिथे घोडा किंचितही कललेला नको आणि मागचे पाय ताणून बांधलेले नकोत. ते सैल, अर्धे दुमडलेले ठेवावेत.

या कामात मोतद्दाराचा वाटा मोठा आहे. डॉक्टर शस्त्रक्रियेत गुंतलेला असतो, भूल देणाऱ्याचे डोळे काट्यावर असतात. पाय सरकला, उशी निसटली, हे घोड्याला रोज हात लावणाऱ्या माणसाच्या लक्षात आधी येते. त्याला आधीच दाखवून, सांगून ठेवले तर तो काम चोख करतो.

वेळ हा तिसरा घटक. भूल अडीच-तीन तासांच्या पुढे गेली की धोका झपाट्याने वाढतो. केस काढणे, धुणे, शक्य असेल तेवढी तयारी घोडा उभा असतानाच उरकली तर अर्धा तास वाचतो. घोड्याला वैरणीपासून काही तास लांब ठेवतात, त्याचाही स्नायूंच्या रक्तपुरवठ्याला फायदा होतो. भरलेले पोट आतल्या मोठ्या रक्तवाहिन्यांवर आणि फुप्फुसांवर बसते. शर्यत किंवा जोरदार सराव झालेल्या घोड्याला लगेच भूल देऊ नये. सरावानंतर पाय आखडण्याची, रेसकोर्सवर ज्याला टाय-अप म्हणतात त्याची, सवय असलेला घोडा विशेष जपण्याजोगा.

पुणे जिल्ह्यातल्या मुळशी तालुक्यात हा विषय अगदी प्रत्यक्षातला आहे. पिरंगुट-पौडपासून धरणाच्या काठापर्यंत शेतघरे, हौशी तबेले आणि पाहुण्यांना फेरी मारणारे घोडे आहेत. त्यांत पुण्या-मुंबईच्या शर्यतींतून निवृत्त झालेले थरोब्रेड असतात, सारंगखेड्याच्या यात्रेतून आणलेले मारवाडी-काठियावाडी असतात, वरातीचे घोडे असतात आणि धनगरांच्या बिऱ्हाडाबरोबर फिरणारी भीमथडी तट्टेही दिसतात. तट्टाचे अंग हलके, त्यामुळे त्याच्या स्नायूंवर भार कमी. थरोब्रेड मात्र उंच, जड आणि पिळदार. घोड्यांना मोठी शस्त्रक्रिया करण्याची सोय असते ती शर्यतीच्या घोड्यांच्या वैद्यकीय व्यवस्थेत किंवा पशुवैद्यक महाविद्यालयांत: परळचे १८८६ सालचे मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय आणि पुण्याहून दक्षिणेला शिरवळचे १९८८ सालचे क्रांतिसिंह नाना पाटील महाविद्यालय. तालुक्यातल्या पशुवैद्यकीय दवाखान्यात राबता गाई-म्हशी-शेळ्यांचा. त्यामुळे खच्चीकरण, मोठी जखम शिवणे, गाठ काढणे अशी कामे बहुधा जिथे घोडा तिथेच होतात.

उघड्यावरच्या या भुलीला वायूचे यंत्र नसते आणि स्नायूंच्या दृष्टीने ती एक जमेची बाजू आहे. झायलाझिन किलोमागे १.१ मिलिग्रॅम, घोडा मान खाली घालून पुरता शांत झाल्यावर केटामाइन २.२ मिलिग्रॅम, हे दोन्ही शिरेतून दिले की घोडा दहा-वीस मिनिटे आडवा राहतो. या औषधांखाली रक्तदाब वायूच्या भुलीपेक्षा चांगला टिकतो. ग्वायफेनेसिन, केटामाइन आणि झायलाझिन यांचे मिश्रण थेंबाथेंबाने चालू ठेवून ही मुदत तासापर्यंत नेता येते. त्याच्या पुढे ताणू नये. काम तासात उरकणार नाही असे आधीच दिसत असेल तर घोडा गाडीत चढवून रुग्णालयात नेणे हाच शहाणपणा. अर्धवट उघडलेली जखम आणि उठू पाहणारा घोडा, ही वेळ कोणावर येऊ नये.

जागा निवडताना मुळशीची जमीन ध्यानात घ्यावी लागते. ताम्हिणीच्या बाजूला पावसाळ्यात हजारो मिलिमीटर पाऊस पडतो. त्या दिवसांत जमीन निसरडी आणि हवा ओली, म्हणून न अडणारी कामे दिवाळीनंतर ठेवावीत. भात काढलेले खाचर सपाट असते, पण त्यातली धसकटे बोचरी आणि वाळलेली माती विटेसारखी कडक. तिच्यावर घोडा नुसता आडवा करणे म्हणजे सिमेंटवर करण्यासारखेच. गुडघाभर जाड पेंढा, तोही दाबून बसवलेला, वर ताडपत्री आणि खांद्याखाली जुनी गादी, हे मुळशीतल्या कुठल्याही वाडीत जमते. नुसता विस्कटलेला पेंढा अंगाखालून दोन्ही बाजूंना पळतो, म्हणून पेंढ्या बांधलेल्याच आडव्या-उभ्या रचाव्यात. उतार असेल तर घोड्याची पाठ चढाकडे आणि पाय उताराकडे. उठताना पायांखाली जागा मिळते. खालचा पुढचा पाय पुढे ओढणे इथेही तितकेच लागू. वीस मिनिटांच्या कामात कशाला, असे म्हणून ते टाळले जाते. वीसची चाळीस कधी होतात ते मात्र कळत नाही.

घोड्याला आडवा न करताच पुष्कळ कामे करता येतात. खोड्यात उभा करून, झायलाझिन किंवा डेटोमिडिनने गुंगी देऊन आणि जागेवर लिग्नोकेन टोचून दात काढणे, डोळ्याची किंवा पापणीची शस्त्रक्रिया, जखमा शिवणे, पुष्कळसे खच्चीकरणही होते. परदेशांत पायाच्या काही प्रकारच्या हाडमोडी आता उभ्या घोड्यातच स्क्रूने बसवतात. जो घोडा पडलाच नाही त्याचे स्नायू दबत नाहीत.

शुद्धीवर येण्याचा काळ सर्वांत नाजूक. अमेरिकेत ६ जुलै १९७५ रोजी बेल्माँट पार्कवर रफियन या नामांकित घोडीचा पाय शर्यतीत मोडला. शस्त्रक्रिया झाली, पण भुलीतून उठताना तिने केलेल्या झटापटीत सारे वाया गेले आणि तिला मरण द्यावे लागले. २००६ साली बार्बारो या शर्यतीच्या घोड्याचा मागचा पाय मोडला, तेव्हा पेनसिल्व्हेनियाच्या न्यू बोल्टन सेंटरमध्ये शस्त्रक्रियेनंतर त्याला तराफ्यावर बांधून कोमट पाण्याच्या तलावात शुद्धीवर आणले. पाण्यात धडपडून पाय मोडत नाही आणि दबलेल्या बाजूवर भार येत नाही. तलाव सगळीकडे नसतो. पण मऊ भिंतींची आणि न घसरणाऱ्या जमिनीची अंधारी खोली, शांतता, डोक्याला आणि शेपटीला बांधलेले दोर आणि घोडा लवकर उठू नये म्हणून झायलाझिनची छोटी मात्रा, एवढे तर करता येते. मूत्राशय आधी नळीने रिकामे करावे, नाहीतर घोडा स्वतःच्याच लघवीत घसरतो. उठेपर्यंत नाकातून ऑक्सिजन चालू ठेवावा. थकलेल्या स्नायूला तो लागतोच.

घोडा उभा राहिला म्हणजे काळजी संपली असे नाही. पहिले काही तास दर थोड्या वेळाने खांदा, पुठ्ठा आणि मांडी हाताने दाबून पाहावी. निरोगी स्नायू दाबला की लवतो; बिघडलेला टणक, गरम, फुगलेला लागतो आणि घोडा अंग चोरतो. कोपर खाली लोंबते, पुढचा पाय खूर मुडपून ओढला जातो, घाम सुटतो, नाडी धावते. नस दबलेली असेल तरी कोपर असेच लोंबते, पण तेव्हा स्नायू टणक नसतो आणि वेदना फारशी नसते; पुष्कळदा दोन्ही एकत्रच असतात. पहिली लघवी पांढऱ्या भांड्यात धरावी. ती कोऱ्या चहासारखी तपकिरी असेल तर स्नायूंतले मायोग्लोबिन मूत्रपिंडातून बाहेर पडते आहे आणि मूत्रपिंड धोक्यात आहे. रक्तातले क्रिएटिन कायनेज चार ते सहा तासांनी तपासले तर इजा किती ते कळते. शेकड्यांत असायला हवा तो आकडा अशा वेळी हजारांत जातो.

उपचारात पहिला मान सलाइनचा, लघवी स्वच्छ होईपर्यंत. फ्लुनिक्सिन किंवा फिनाइलब्यूटाझोनने वेदना उतरते, पण पाणी कमी पडलेल्या घोड्यात हीच औषधे मूत्रपिंडाला मारक ठरतात, म्हणून ती सलाइनच्या मागून. रक्तदाब सावरलेला असेल तर एसप्रोमाझिनची थोडी मात्रा घोड्याला शांत करते आणि रक्तवाहिन्या मोकळ्या करते. लंगड्या पायाला गुडघ्यापासून फळी बांधून सरळ ठेवले की घोड्याला टेकायला पाय मिळतो आणि त्याची घबराट निम्म्याने ओसरते. दुसऱ्या बाजूच्या पायालाही पट्टी हवी, कारण सगळा भार त्याच्यावर येऊन पडतो. पुरेसे उपचार मिळाले तर बरेच घोडे एक-दोन दिवसांत चालू लागतात. दोन्ही मागच्या पायांचे किंवा पाठीचे स्नायू गेलेला, उठताच न येणारा घोडा मात्र क्वचितच वाचतो.

एकदा असा त्रास झालेल्या घोड्याच्या कागदावर भुलीची तारीख, औषधे, किती वेळ, कोणती बाजू खाली आणि सर्वांत कमी दाब किती, हे सगळे लिहून ठेवावे लागते. घोडे हात बदलतात. मुळशीतला घोडा दोन वर्षांनी दुसऱ्याच तबेल्यात असतो. पुढच्या भुलीआधी डँट्रोलिन हे औषध नळीने पोटात देणे, दुसरी कूस निवडणे किंवा काम उभ्यानेच करणे, यांपैकी काय करायचे ते त्या कागदावरून ठरते.